कोकमाच्या बियांचं मुठेल : एका हंगामाच्या नोंदी

४ मे २०२५

कोकमं उतरवायला सुरुवात झाली. आमच्या सिंधुदुर्गात आमसुलं, आगळ (खारवलेला रस), सरबत सगळं होतं, बिया मात्र बहुतेक घरांतून गायरीवर, म्हणजे उकिरड्यावर जातात. याच बियांपासून निघणारं घट्ट तेल म्हणजे मुठेल, गोव्याकडचं भिरंडेल. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना आणि शेतात दिवसभर पाण्यात राहून सोलवटलेल्या पायांना लावायचं हे जुनं औषध. आमच्या वाडीत ते आता कुणी काढत नाही. शेजारच्या काकींना रीत ठाऊक आहे, पण त्यांनीही बऱ्याच वर्षांत काढलेलं नाही. या वर्षी त्यांना समोर बसवून शिकायचं आणि जे जमेल, जे बिघडेल ते तारखेनिशी लिहून ठेवायचं. सुकलेल्या बियांत वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल असतं. ते उकिरड्यावर जातं याची मला खरोखर हळहळ वाटते.

बिया दोन प्रकारच्या जमल्या आहेत. आमसुलांसाठी गर आणि बी मिठात घालून रस सोडवतात, त्या बिया खारट. सरबतासाठी फळं अर्धी करून साखर भरतात, त्यांच्या बिया बिनमिठाच्या. दोन्ही वेगळ्या टोपल्यांत ठेवल्या. करून बघणाऱ्यांनी हे वेगळेपण पहिल्या दिवसापासून सांभाळावं, एकदा मिसळल्या की निवडता येत नाहीत.

६ मे

बियांवरचा पांढरा गर निसरडा असतो, नुसत्या पाण्याने सुटत नाही. काकींनी चुलीतली चाळलेली राख टाकून बिया गोणपाटावर रगडायला लावल्या. राखेने गर धरला जातो आणि एका धुण्यात निघून जातो. राखेचं पाणी हाताला झोंबतं, त्यामुळे नंतर दोन स्वच्छ पाण्यांतून बिया काढल्या. खळ्यात प्लास्टिकवर न पसरता बांबूच्या तट्ट्यावर पसरल्या, खालून वारा लागावा म्हणून तट्टा विटांवर उचलला.

१२ मे

बिनमिठाच्या बिया छान सुकतायत. खारट बिया दुपारी कोरड्या वाटतात आणि संध्याकाळी परत दमट होतात. कारण सरळ आहे, बियांच्या सालीत मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि समुद्राकडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. त्या सगळ्या बिया परत बादलीत घालून अर्धा तास भिजवल्या, पाणी फेकलं, पुन्हा भिजवल्या. जिभेला खारटपणा लागेना तेव्हा उन्हात टाकल्या. सुकवणीचे आठ दिवस यात वाया गेले आणि मे महिन्यात आठ दिवस ही मोठी किंमत आहे. आमसुलाच्या बिया वापरणार असाल तर राखेने रगडण्याआधीच मीठ काढून टाका.

सुकल्या की नाही हे बघायची काकींची खूण त्यांच्याच शब्दांत : "बी कटकन् मोडाक व्हयी गो. मोडणा नाय तवसर तेल काढूचा नाय." वाकली, चिवट लागली, नख रुतलं, तर अजून पाणी आहे.

२१ मे

कालपासून पाऊस. वळवाची सर नव्हे, धो धो. एरवी तळकोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो आणि मे अखेरपर्यंत सुकवणीला ऊन मिळतं, त्या हिशेबावर आम्ही सगळे होतो. झाडांवरची कोकमं तशीच गळतायत, शेजारपाजारच्यांची आमसुलं अर्धवट ओली घरात पडली आहेत. त्यांच्या नुकसानीपुढे माझ्या बिया काहीच नाहीत.

बिनमिठाच्या बियांपैकी बऱ्याच सुकल्या होत्या, त्या चुलीवरच्या माळ्यावर टाकल्या. उरलेल्यांतल्या काही पडवीत पंख्याखाली आहेत. खारट, उशिरा सुकायला घातलेल्या बिया गोणत्यावर पसरल्यात, दुसरी जागाच नाही.

२७ मे

मोसमी पाऊस २५ तारखेलाच महाराष्ट्रात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. गोणत्यावरच्या बियांना बुरशी आली. वरून हिरवट पूड, फोडून बघितलं तर आतला मगजही काळपट.

हा सगळा वाटा फेकला. काकींच्या सुनेचं म्हणणं होतं की उकळल्यावर बुरशी मरेलच, कशाला फेकायचं. बुरशी मरते हे खरं, पण तेलबियांवरच्या काही बुरशी जे विष तयार करतात ते साध्या उकळीने जात नाही. शिवाय ओलाव्याने आणि बुरशीने मगजातलं तेल आतल्या आत फुटतं, आंबूस वास येतो, असं तेल भेगांत झोंबतं आणि लवकर खवट होतं. त्वचेला लावायच्या वस्तूत ही काटकसर नको.

८ जून

माळ्यावरच्या बिया मोडून बघितल्या, कटकन् मोडल्या. दोन किलो घेतल्या. जात्याच्या वरच्या तळीखाली चिंधीची गुंडाळी घालून ती किंचित उचलली आणि बिया भरडल्या, म्हणजे टरफल फुटतं पण मगजाचं पीठ होत नाही. सुपात पाखडून टरफल उडवलं. हातात मगज आला सव्वा किलोच्या आतबाहेर. व्हायनात (जमिनीत बसवलेल्या उखळात) मुसळाने कांडला. थोडा भाग मिक्सरमध्ये फिरवून बघितला, पण भांडं तापलं की मगज तेल सोडून पात्यांना चिकटतो आणि यंत्र अडतं. मिक्सर वापरायचाच असेल तर थोडा थोडा मगज घालून, मध्ये थांबत फिरवावा. कांडून झाला की मूठभर लगदा दाबल्यावर तळव्याला तेलकट चकाकी दिसायला हवी, तोवर कांडायचं.

मोठ्या टोपात लगद्याच्या चौपट पाणी, खाली मोठी आंच. हे चुकीचं ठरलं. खदखदून उकळल्यावर सगळं घुसळलं गेलं, पिठूळ चोथा, पाणी आणि तेल एकजीव होऊन करड्या दुधासारखा फेस झाला आणि तासभर वाट बघूनही वर तेल सुटेना. काकी घरी नव्हत्या. आल्यावर त्यांनी आधी लाकडं बाहेर ओढली, मग मूठभर मीठ टाकलं आणि झाकण ठेवून टोप रात्रभर हलवायचा नाही असं बजावलं. मिठाने पाणी जड होतं आणि फेस मोडायला मदत होते.

९ जून

सकाळी टोपावर भाकरीएवढी घट्ट चकती. ती उचलून उलटी केली तेव्हा खालच्या बाजूला करडा, लिबलिबीत गाळाचा थर. तो सुरीने खरवडला. चकती पुन्हा मंद आचेवर वितळवली. सुरुवातीला तडतड आवाज येतो, ते आत अडकलेलं पाणी. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आंच बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया जातं, पाण्याचा अंश राहिलेलं मुठेल आतून बुरसतं.

गाळण्यात पुन्हा अडलं. मलमलीवर तेल ओतलं आणि निम्मं कापडातच थिजलं. कोकमाचं तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे पावसाळ्यातल्या थंड स्टीलच्या गाळणीला टेकताच ते घट्ट व्हायला लागतं. उपाय सोपा निघाला. गाळणी आणि खालचं भांडं कोरडंच तव्यावर गरम करून घ्यायचं, कापड त्यावर ताणायचं आणि तेल धारेने ओतायचं.

निव्वळ तेल २४० ग्रॅम. बियांत जेवढं असतं त्याच्या निम्म्याहून कमी. आणि त्याला धुराचा वास आहे, माळ्यावरचा. काकींना तो वास ओळखीचा वाटला, मुठेल म्हणजे धुराचा वास येणारच असं त्यांच्या लहानपणापासून. पायाला चालेल. ओठांना लावायला घरात कुणी तयार नाही.

१७ जून

पंख्याखालच्या बिया वाचल्या आहेत पण चिवट. धूर न लागता उष्णता हवी होती, म्हणून जुन्या लाकडी कपाटात जाळीचे खण केले आणि तळाला दोन बल्ब लावले. घरात होते ते एलईडी, ते तापतच नाहीत. तारेचे साठ वॅटचे जुने बल्ब कुडाळला दोन-तीन दुकानं फिरल्यावर मिळाले. कपाटाच्या वरच्या फळीला भोकं पाडली, त्याशिवाय दमट हवा आतच फिरत राहते आणि काचेच्या दारावर पाणी जमतं. बल्ब आणि खालचा खण यांत वीतभर अंतर ठेवलं. वीज गेली की काम थांबतं आणि जूनमध्ये वीज जातेच.

२३ जून

या वेळी पुन्हा दोन किलो. कांडणं तेच. पाणी आधी उकळून खाली उतरवलं, त्यात लगदा घातला, मग आंच इतकीच ठेवली की कडेला बुडबुडे येतील पण मध्ये पाणी फुटणार नाही. दोनेक तासांनी वर पिवळसर तेलाची डबकी जमू लागली आणि हळूहळू एकमेकांत मिसळली. डवल्याने (पळीने) वरवरचं काढून घेतलं, चोथ्यात पुन्हा गरम पाणी घालून दुसऱ्यांदा तापवला, त्यातूनही बऱ्यापैकी निघालं. पाणी उडवून, गाळून ३४० ग्रॅम. रंग फिकट हस्तिदंती, वास जवळजवळ नाही.

निवताना तेल साईसारखं मऊ झालं तेव्हा काकींनी मुठीत घेऊन दाबलं आणि लांबट गोळे केले. प्रत्येक गोळ्यावर चार बोटांच्या खाचा. त्या खाचांतून रोज नखाने किंवा चमच्याने खरवडायचं, म्हणून आकार असा. मी केलेले गोळे फुटले कारण तेल जास्त थिजलं होतं. बोट टेकवल्यावर ठसा राहील पण तेल चिकटणार नाही, ही वेळ साधायची.

लाकडी घाण्यावर विचारून आले होते. एवढ्या थोड्या बिया ते घेत नाहीत, शिवाय हे तेल थंड घाण्यात थिजून बसेल ही त्यांची अडचण रास्त आहे.

६ जुलै

नुसतं मुठेल कातडीवर पसरायला जड जातं, अंगाच्या उबेला सावकाश वितळतं. म्हणून मलम करायला घेतलं. पहिलं प्रमाण : मुठेल ५० ग्रॅम, खोबरेल ४० ग्रॅम, मधमाश्यांचं मेण १० ग्रॅम. फार कडक झालं, बोट फिरवलं तर हाताला काहीच येईना. मुठेल स्वतःच इतकं घट्ट की मेणाची गरज नाही.

दुसरं : मुठेल ४०, खोबरेल ३०, तिळाचं तेल ३०, मेण नाही. हे हाताला येतं आणि पसरतं.

१९ जुलै

दुसऱ्या मलमात कण धरले. दिसायला ठीक, पण बोटावर बारीक रवाळ लागतं. कण कातडीवर वितळतात, बिघडलेलं काही नाही, तरी फुटलेल्या ओठांवर ते बोचतात. डबी सावकाश निवली की तेलातला घट्ट होणारा भाग आधी वेगळा थिजतो, त्याचे हे कण. सगळं पुन्हा वितळवून, एकही कण दिसत नाही इतकं गरम करून पातेलं गार पाण्याच्या परातीत धरलं आणि दाटसर होईपर्यंत ढवळत राहिलं, मग डब्या भरल्या. परातीतलं पाणी पातेल्यात उडता कामा नये. या वेळी मलम मऊ आलं.

३ ऑगस्ट

उंडीचं तेल घालून बघितलं. किनाऱ्यावरचं हे झाड सगळ्यांना माहीत आहे, तेल हिरवट, दाट, उग्र वासाचं, पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. त्वचेच्या तक्रारींवरही जुनी माणसं लावतात. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम घातलं. भाचीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तिथे लाल पुरळ आणि खाज. बाकीच्यांना काही झालं नाही, तरी उंडी या मलमातून काढली. कुणाला वापरायचं असेल त्याने आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावंच. ही चाचणी साध्या मलमाचीही करते, झाडाचं आहे म्हणून ते सगळ्यांना सोसेलच असं नाही.

वासासाठी लिंबाच्या सालीचं तेल घालायचा सल्ला मिळाला. नाही घातलं. दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते आणि आमच्याकडची माणसं दिवसभर उन्हातच असतात.

७ सप्टेंबर

चतुर्थीच्या गडबडीत काही केलं नाही. पुतण्याने मलम चेहऱ्याला लावलं आणि मुरुमं वाढली. खोबरेलाने काहींची छिद्रं बुजतात, तारुण्यपीटिका असलेल्या चेहऱ्याला हे मलम देत नाही. हात, पाय, कोपर, ओठ एवढ्यापुरतं ठेवलं आहे.

१६ नोव्हेंबर

या वर्षी पावसाने कापणी लांबवली. आत्या दिवसभर ओल्या शेतात, मग सुक्या खळ्यात. टाचा दरवर्षीप्रमाणे फुटल्या. तिच्या परवानगीने दोन टाचांवर दोन रीती लावल्या. डाव्या टाचेला रात्री कोरड्यावर मलम. उजवा पाय आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं, वरवर टिपून ओलसर असतानाच मलम, वर जुना सुती मोजा. घासणी दगड दोन्हीकडे सारखाच, हलक्या हाताने.

आठवड्याने उजव्या टाचेच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि वरवरच्या भेगा मिटत होत्या. डाव्या टाचेला नुसता तेलकटपणा, भेगा जवळपास तशाच. मग डावीलाही तसंच सुरू केलं, तीही सुधारली. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. कोरड्या टाचेवर लावलं तर धरून ठेवायला आत काही नसतं. मुठेल लावूनही गुण येत नाही म्हणणाऱ्यांना मी आता हेच आधी विचारते, पाय भिजवलात का?

दोन सूचना. लावून लगेच फरशीवर चालू नका, पाय सटकतो. आणि भेगेतून रक्त येत असेल, पू असेल, किंवा मधुमेह असेल तर घरच्या मलमावर वेळ घालवू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

२१ डिसेंबर

पहाटे गारठा आहे, डबीतलं खोबरेल पांढरं थिजलंय आणि मलमही दगड झालं. खोबरेल चोवीसच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीचं मलम वेगळं करावं लागतं. मुठेल ३०, तिळाचं तेल ६०, खोबरेल १०. हे सकाळीही बोटाला येतं. उन्हाळ्यात हेच प्रमाण सैल पडेल, तेव्हा मुठेल परत चाळीसवर.

११ जानेवारी २०२६

एका डबीत काळे ठिपके. बाकीच्या डब्या त्याच खेपेच्या आणि स्वच्छ आहेत. ही डबी न्हाणीघरात होती आणि ओली बोटं आत जात होती. पाणी नसलेल्या मलमात बुरशी वाढत नाही, पाण्याचे थेंब गेले की वाढते. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घातल्या तर मलम टिकतं असं अनेक जण सांगतात. त्याने तेल खवट होणं लांबतं, बुरशी थांबत नाही. आता डब्या लहान घेतल्यात आणि प्रत्येकीबरोबर लाकडी चमचा देते.

ओळखीतून विकत मागणारे बरेच आहेत. विकायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. घरच्या टोपात केलेलं त्यात बसत नाही. तोवर हे घरात आणि नात्यात वाटण्यापुरतंच.

खर्च बघायचा तर बिया आणि जळण घरचं. बल्ब, होल्डर, जाळी, मलमल, मेण (वाया गेलं), तिळाचं तेल आणि डब्या मिळून दोन हजारांच्या थोडं आत. कांडण्याची मजुरी धरली तर हा व्यवहार परवडणारा नाही आणि वाडीतून मुठेल का गेलं ते तिथेच कळतं. कांडण्याला सोय झाली, चार घरांनी मिळून एखादं लहान यंत्र घेतलं, तर ते परत येऊ शकतं असं मला वाटतं. बचत गटात हा विषय मांडला आहे.

पुढच्या हंगामासाठी : पहिल्या उतरणीच्या बियाच घ्यायच्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आलेल्या बिया थेट कपाटात. बिनमिठाच्या आधी सुकवायच्या. कपाटाला तिसरा खण. काकींनी सांगितलंय की भरडायच्या आदल्या दिवशी बिया पुन्हा एकदा उन्हात टाकल्या की टरफल सहज सुटतं, ते या वेळी पावसामुळे करता आलं नाही.